कोरड्या डब्या

भांडण मुकादमाचं आणि इंजिनियर साहेबांचं चाललं होतं आणि ऐकत होती तिसरीच. डोक्यावर रिकामं घमेलं, पायात नवऱ्याच्या जुन्या चपला आणि पोटात मूल. उभ्या सळयांच्या पिंजऱ्याआड ती थबकली होती. मोठी माणसं भांडत असताना मधून गेलं की सगळं भांडण आपल्याच घमेल्यात रितं होतं, एवढं शहाणपण तिला शाळेचं तोंड न बघताच आलं होतं.

"ह्या डब्या पाण्यात कुणी ठेवल्या?" साहेब ओरडत होते.

"पाण्यात नाही ठेवल्या साहेब. पाणीच चालत त्यांच्याकडे गेलं."

"मस्करी नकोय मला. ह्यांना पाण्याचा थेंबसुद्धा लागता कामा नये. कळतंय?"

"साहेब, मग काँक्रीट काय कोरडं ओतू? नवऱ्यामुलाला आंघोळ घाल म्हणता, वर अंग भिजू देऊ नको म्हणता!"

"अक्कल शिकवू नकोस. एक जरी डबी बिघडली ना, तर तुलाच खांबात उभा करून वरून ओतीन."

"ओता की. निदान एक खांब तरी बोलका निघेल."

साहेबांनी गाडीचं दार असं आपटलं की वरच्या फळीवरची कबुतरं उडाली. गाडी गेली. भांडण तिथेच संपलं असं सगळ्यांना वाटलं.

डबी म्हणजे काय, तर काड्यापेटीएवढी एक करडी चीज. तिला वायर नाही, सेल नाही, बटण नाही. ती आत सळईला बांधायची, वरून काँक्रीट ओतायचं, की झाली ती कायमची आत. पुढे कधीही बाहेरून खांबाला यंत्र लावलं की आतली डबी त्याला उत्तर देते. सळई ठीक असेल तर हिरवा दिवा, गंज चढायला लागला असेल तर लाल. माणसाच्या पोटात काय चाललंय ते डॉक्टर नळी लावून ऐकतो, तसंच.

आता साहेबांना म्हणायचं होतं ते एवढंच, की डब्या बांधून होईपर्यंत त्या कोरड्या जागी ठेवा. एकदा आत गेल्या की भिजणं हेच त्यांचं काम. पण ते काही ते बोलले नाहीत. सांगणारा अर्धं सांगतो, ऐकणारा उरलेलं आपल्या पदरचं घालतो, आणि घरं बुडतात ती तिथेच.

मुकादमाने डब्यांचं खोकं तिच्या नवऱ्यापुढे आदळलं. नवरा सळया बांधायचा. तारेचा वेढा घ्यायचा, हुकाने पिळायचा, पुढची गाठ. हात असा चालायचा की बघणाऱ्याला वाटावं माणूस विणकाम करतोय.

"बांध. तुझा जीव गेला तरी चालेल, डबी भिजली नाही पाहिजे."

"अहो मुकादम, पण वरून तर..."

"मला विचारू नको. मला तरी कुठे कुणी सांगितलंय?"

नवरा डोकं खाजवत बसला. तोड तिने काढली. दुधाच्या रिकाम्या पिशव्या ती चहावाल्याकडून मागून आणायची, धुवायची, वाळवायची. बाळ झालं की त्याच्या अंथरुणाखाली घालायला त्या जोडून एक चादर करायची होती. पांढऱ्या पिशव्या, वर एक निळं फूल. तिने गठ्ठा आणला आणि एकेक डबी पिशवीत घालून, हवा काढून, तोंड पिळून, वर बांधणीच्या तारेची गाठ मारली. वर आणखी एक पिशवी उलट्या तोंडाने.

"अगं, डब्या आहेत का तान्ही मुलं?" नवरा हसला.

"हसा. ओल्या झाल्या तर तुम्हालाच उभं करतील आत. मी एकटी ह्याला घेऊन कुठे जाऊ?"

संध्याकाळपर्यंत फळ्या लागल्या, काँक्रीट ओतून झालं. पुढे फळ्या निघाल्यावर साहेब यंत्र घेऊन आले. खांबामागून खांब, सगळीकडे हिरवा. साहेबांच्या कपाळावरच्या आठ्या पहिल्यांदाच सैल झाल्या.

"कुणी बांधल्या रे ह्या?"

मुकादम जन्मात एकदाच खरं बोलला असेल, तो नेमका तेव्हा. "हिने."

"छान," साहेब म्हणाले. "हाताला गुण आहे हं."

आपल्याला वाटतं, त्यात काय एवढं. पण जिच्या वाट्याला उभ्या आयुष्यात 'अगं ए' आणि 'चल हो बाजूला' एवढंच आलं, तिने ते वाक्य नथीसारखं जपलं. त्या माणसाला परत ती कधी भेटली नाही. वाक्य मात्र रोज भेटायचं.

इमारत झाली, वर माणसं राहायला आली. मुकादमाने शब्द टाकला आणि नवऱ्याला तिथेच राखणदारी मिळाली. तळाला, गाड्या लावायच्या जागेत, पंपाच्या खड्ड्याशेजारची खोली. खिडकी एकच, तीही गाड्यांच्या चाकांच्या उंचीला. पोरगा तिथेच रांगला. चाकांवरून गाड्या ओळखायचा, माणसांचे चेहरे त्याला नंतर कळले. नवऱ्याच्या छातीत सिमेंटची भुकटी आधीच बसली होती, ती त्याला घेऊनच गेली. मग पंप तिच्याकडे आला आणि ती 'पंपवाल्या मावशी' झाली. तिचं खरं नाव कुणी विचारलं नाही. तिलाही पुढे पुढे ते परक्याचं वाटायला लागलं.

सकाळी पंप चालू, टाकी भरली की बंद, किल्ली खिळ्याला. पाणी बोअरचं, खारट. पंपाचा जोड गळका. सोसायटीचे सेक्रेटरी दर वेळी म्हणायचे, "बघू या." बघता बघता खड्ड्याशेजारचा खांब कायमचा ओलसर झाला. त्याच्यावर तांबूस ओघळ यायचा, रंगारी येऊन तो पांढरा करून जायचा, आणि काही महिन्यांनी ओघळ परत हजर, सासुरवाडीला सोकावलेल्या जावयासारखा. मावशी तो बघायच्या, पण काळजी करायच्या नाहीत. आत डबी आहे ना. आपल्याच हातची.

आणि डब्या तपासायला येणारी पोरगी दर वर्षी 'ठीक' म्हणूनच जायची. कंपनीची चुणचुणीत पोरगी, खांद्याला पिशवी, हातात यंत्र. मावशी तिला 'खांबांची डॉक्टरीण' म्हणायच्या आणि चहा पाजल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

"मावशी, तुमचे खांब म्हणजे एकदम ठणठणीत. दुसरीकडे दोन-चार तरी लाल निघतातच. इथे एक नाही."

"बांधणाऱ्याच्या हाताला गुण लागतो," मावशी बशी पुसत म्हणायच्या. पुढचं सांगायच्या नाहीत. स्वतःची फुशारकी कोण मारणार? पण त्या दिवशी कौतुक गोड लागायचं हे खरं.

असंच एकदा चहा निवायचा होता म्हणून पोरीने पिशवीतून नमुन्याची डबी काढली. तिला एक बाजू उघडी होती, आणि तिथे केसाएवढी बारीक तार.

"ही बघा गंमत. ही मुद्दाम उघडी ठेवलेली असते. खांबात ओल शिरली, खार शिरला की सळईच्या आधी ही बिचारी गंजते आणि तुटते. ही तुटली की लाल दिवा. म्हणजे सळई शाबूत आहे तोवर आपण जागे होतो."

मावशी बघत राहिल्या. "म्हणजे ही भिजायलाच ठेवलेली?"

"तर काय! भिजण्यासाठीच जन्म हिचा."

"आणि... हिला ओल लागलीच नाही तर?"

"तर खांब कोरडा. आणखी काय हवं?" पोरगी हसली आणि चहाचा घोट घेतला. "मावशी, साखर विसरलात."

मावशींनी साखरेचा डबा पुढे केला. डोळ्यांपुढे निळं फूल आलं होतं. आपण डब्यांना जपलं नाही, त्यांचं तोंड बांधलं. इतकी वर्षं हिरवा दिवा लागत होता तो खांबाचा नव्हे, पिशवीचा.

पोरगी गेली. मावशी पंपाच्या खड्ड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. खांबावर नख मारलं तर रंगाचा पापुद्रा सुटला आणि मागून गिलाव्याचा तुकडा अलगद हातात आला. त्यांनी तो परत जागेवर दाबून बसवायचा प्रयत्न केला. बसेना.

दुपारी पोरगा जेवायला आला. टेम्पो चालवायचा, दुपारी घरी यायचा. सून वाढत होती. नात खांबाला टेकवलेल्या पाळण्यात झोपलेली. मावशींनी सगळं सांगितलं, आडपडदा ठेवला नाही.

पोराचा घास हातातच राहिला. "आई, हे कुणाकुणाला बोललीस?"

"तुलाच पहिल्यांदा."

"मग आता गिळून टाक."

"गिळून पोटात राहील का रे? तू ह्या पोटात होतास तेव्हाची गोष्ट आहे ती."

"अगं, इमारत खाली करायला लावतील. वरच्यांना जागा घ्यायची ऐपत आहे. आपण काय, टेम्पोत राहायचं?"

सून हळू आवाजात म्हणाली, "आई, इतकी वर्षं उभी आहे की. मग?"

"उभं तर वाळवी लागलेलं दारही असतं गं. कुणीतरी हात टेकेपर्यंत."

पोरगा ताटावरून उठला. मावशींनी त्याचं ताट झाकून ठेवलं, रात्री तरी जेवेल म्हणून. पोराने ते उघडलंसुद्धा नाही.

मग त्या सेक्रेटरींकडे गेल्या. माणूस वाईट नव्हता, पण भिंतीला भेग दिसली की आधी कॅलेंडर शोधणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं. चेहरा पडला, म्हणजे पटलं होतं.

"मावशी, बसा. पाणी घ्या. हे बघा, तुम्ही काही ऐकवलं नाहीत, मी काही ऐकलं नाही. वरच्या मजल्यावर लग्न आहे, कुणी घर विकायला काढलंय, कुणी आजारी. सगळ्यांना रस्त्यावर आणायचं? पुढच्या वर्षी बघू या."

"आणि तोवर कुणी हात टेकला तर?"

"तुमची खोलीही त्यातच आहे हो. सोसायटीने मोठ्या मनाने दिलेली." आवाज मऊ होता. मऊ दोरीनेच गळा चांगला आवळता येतो. दुसऱ्या दिवशी रंगारी आला आणि खांब पांढराशुभ्र करून गेला.

मावशींचं चित्त थाऱ्यावर राहिना. वरून मुलं उड्या मारत खाली उतरली की त्या आधी खांबाकडे बघायच्या. टाकी भरताना वाटायचं, हे पाणी आपण माणसांच्या पिण्यासाठी वर चढवतोय की त्या खांबाच्या डोक्यावर ओझं? बोलावं तर आपल्याच लेकराचं छप्पर जातं. न बोलावं तर सगळ्यांचंच, लेकरासकट. आणि आणखी एक गोष्ट होती, ती त्या स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोलल्या नाहीत. आयुष्यात एकदाच शाबासकी मिळाली होती, आणि ती नेमकी ह्याच कामाची.

शेवटी मदत आली ती जिच्याकडून आशा नव्हती तिच्याकडून. सुनेने पाळणा खांबापासून ओढून दाराशी नेला. मग तपासणीवाल्या पोरीचा नंबर लावला आणि फोन सासूच्या हातात दिला.

"बोला. ते घरी यायच्या आत बोला."

पोरगी दुसऱ्याच दिवशी आली, सोबत छिन्नी-हातोडा घेतलेला माणूस. सेक्रेटरी अडवायला आले तेव्हा ती म्हणाली, "साहेब, तुमच्या समोरच फोडते. चांगला निघाला तर मीच भरून देईन." ते बाजूला झाले.

फार ठोकावं लागलंच नाही. वरचा थर पोपड्यासारखा सुटला. आतून आधी निघाली पिशवी. पांढरी, वर निळं फूल, कालच धुऊन वाळत घातल्यासारखी. पोरीने तारेची गाठ कापली. डबी कोरडी ठणठणीत, तार चकचकीत. आणि पिशवीच्या मागे सळया होत्या तिथे होते तांबडे पदर. हातोडावाल्या माणसाने बोट लावलं, तर सळई जुन्या सालीसारखी गळून खाली आली.

पोरगी खाली फरशीवरच बसली.

"मावशी, मी दर वर्षी पिशवीची नाडी बघून जात होते."

"तुझा काय दोष बाई. खांबाला मुकं केलं मी."

"इतकी घट्ट गाठ कुणी शिकवली तुम्हाला?"

"नवऱ्याने," मावशी म्हणाल्या, आणि तेवढ्यातही क्षणभर त्यांना बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच शरम वाटली.

पालिकेचा हुकूम आला, इमारत खाली करा. जिन्यावरून कपाटं, गाद्या, कुंड्या उतरायला लागल्या. शेवटचं बिऱ्हाड हलेपर्यंत मावशी रोज पंप चालवत होत्या, टाकी निम्मीच भरत होत्या. लोक शेजारून जाताना बोलायचे. जोरात बोललेलं सोसवतं, हळू बोललेलं लागतं.

"जन्मभर आमचं पाणी प्यायली, आणि शेवटी आमच्याच घरावर पाणी सोडलंन."

"चूक हिची आणि शिक्षा आम्हाला."

"एका खांबाचं दुखणं. पट्टी मारली असती तर भागलं असतं."

मावशी ऐकून पंपाकडे वळायच्या. चूक आपली, हे तर खरंच होतं. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. इथे तर खांबच फिरले होते.

पोराने दोन गल्ल्या सोडून एक खोली घेतली. पत्र्याची, पण कोरडी. आईला रस्त्यावर टाकलं नाही, एवढं त्याचं देणं. पण त्या दिवसापासून तो तिच्याशी सरळ बोलला नाही. "तिला सांग, दार लावून घे म्हणावं." आई समोर बसलेली असायची. तीही सुनेला म्हणायची, "त्याला सांग गं, लावलंय म्हणावं." सून बिचारी दोघांचं टपाल झाली. एकदा तीच वैतागून म्हणाली, "मी मेले तर तुमचं दोघांचं कसं होणार?" दोघंही हसली, पण एकमेकांकडे न बघता.

आणि इमारत काही पडेना.

पत्रे ठोकून बंद केली होती. कोर्टकचेऱ्या चालल्या होत्या, कुणी पाडायचं ह्यावरून. एक पावसाळा गेला, मग दुसरा गेला. इमारत आपली उभी. जुने रहिवासी वाटेत भेटले की टोमणा ठरलेला, "काय मावशी, अजून उभीच आहे हो तुमची पडकी!" पोरगा एकदा सुनेला म्हणाला, पण मोठ्याने, "विचार तिला. कशासाठी घालवलं घर? बघ म्हणावं, काही झालंय का इमारतीला?"

मावशी सकाळी दूध आणायला जायच्या तेव्हा वाटेत ती लागायची. रोज मान वर करून बघायच्या. एका सकाळी त्यांच्या ध्यानात आलं की आपण बघतो आणि आपल्याला वाईट वाटतं, का, तर ती अजून उभी आहे. 'पड बाई एकदाची' असं मनात येऊन गेलं, आणि त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला. कारण खाली पत्र्याला टेकून राखणदार खुर्चीत बसला होता, चहा पीत, इमारतीच्या सावलीत. त्याच्या जागी एके काळी नवरा बसायचा.

"अरे बाबा, खुर्ची पलीकडे घे. रस्त्याच्या त्या बाजूला."

"तिकडे ऊन आहे मावशी."

"उन्हाने काळा होशील. इथे बसलास तर पांढरा होशील. ऊठ."

तेव्हापासून ते रोजचंच झालं. त्या आल्या की तो कुरकुरत उठायचा, खुर्ची पलीकडे न्यायचा. त्या गेल्या की परत आणत असणार. ते त्यांना ठाऊक होतं. तरी तेवढा वेळ तरी.

इमारत शेवटी यंत्राने पाडली, तेव्हा मावशी नव्हत्या. पाडायचं काम वाटलं होतं त्याच्या निम्म्यातच झालं. खांबांना यंत्राचा हात लागायचा अवकाश, ते आपणहून खाली बसत होते. एक-दोन नाही, सगळेच. यंत्र चालवणारा म्हणाला, "ही उभी कशावर होती? सवयीवर?" पोरगा रस्त्यापलीकडे टेम्पो लावून बघत होता. ढिगात त्याला पांढरं काहीतरी दिसलं. त्याने वाकून उचललं. निळं फूल होतं, गाठ तशीच घट्ट. तो ते हातात धरून उभा राहिला, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, बाजूला व्हा!" तो बाजूला झाला. घरी जाऊन आता कुणाला काही सांगायचं राहिलं नव्हतं.

मावशींचा शेवटचा दिवस ह्याच्या आधीच्या हिवाळ्यातला, आणि तो इतर दिवसांसारखाच निघाला. उठल्यावर छातीत जरा चमकलं, ते त्यांनी कुशीवर वळून जिरवलं. शाल घेतली, पिशवी घेतली. दाराशी चपला घालताना आतून पोराचा आवाज आला, "तिला सांग, थंडी आहे. कान बांधून जा म्हणावं." मावशींनी कान बांधले. "त्याला सांग, बांधले म्हणावं."

दूधवाला म्हणाला, "मावशी, आज उशीर?" त्या म्हणाल्या, "तुझ्या म्हशीला विचार." पुढे राखणदाराला खुर्चीवरून उठवलं, खुर्ची रस्त्यापलीकडे जाईपर्यंत थांबल्या. मान वर करून बघितलं. उभी होती. "बरं," म्हणाल्या आणि चालू लागल्या.

घरी येऊन दूध पातेल्यात ओतलं, गॅस लावला, सुनेला म्हणाल्या, "लक्ष ठेव, उतू जाईल." मग मोरीत बसून दुधाची पिशवी धुतली. आधी बाहेरून, मग उलटी करून आतून, कोपऱ्यात बोट घालून. झटकली. दोरीवर चिमट्याने लावली, तोंड खाली करून, म्हणजे आत पाणी राहत नाही. चिमटा नीट बसला की नाही ते एकदा ओढून बघितलं.

"जरा पाठ टेकते गं," म्हणाल्या, आणि हात पदराला पुसत आत गेल्या.